सोडणाच्या तुकड्यांत लावलेल्या ऑर्किडची मुळे टोकाशी काळी पडतात तेव्हा

ऑर्किडची कुंडी बदलून तीन-चार आठवडे झालेले असतात. नव्या मुळांची हिरवी, ओलसर चमकणारी टोके बाहेर पडलेली पाहून आपण निर्धास्त होतो. मग एके सकाळी पाणी घालताना दिसते की, जी टोके नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांना टेकली, नेमकी तीच तपकिरी होऊन जागच्या जागी थांबली आहेत. माझ्या माहीमच्या बाल्कनीत हा प्रकार चार वर्षांत तीन वेळा घडला. नऊ डेंड्रोबियम, चार फॅलेनॉप्सिस आणि दोन कॅटलिया एवढाच माझा कुंड्यांतला पसारा. पण दर वेळी सगळ्या कुंड्यांत एकदमच बिघाड व्हायचा आणि दर वेळी मी त्याचे वेगळेच कारण काढून मोकळा व्हायचो. खरे कारण हाती लागायला फार उशीर झाला. ते माझ्या एकट्याच्या घरापुरते नसावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी लक्षण नीट ओळखले पाहिजे, कारण ऑर्किडचे मूळ मेले की ‘पाणी जास्त झाले’ हे उत्तर सगळ्यांच्या ओठांवर तयार असते. जास्त पाण्याने कुजलेले मूळ मऊ पडते. बोटांत धरून ओढले की वरचे स्पंजासारखे आवरण मोज्यासारखे निघून येते आणि आत नुसती तारेसारखी दोरी उरते. ही कूज बहुधा कुंडीच्या मध्यातून, जिथे ओल सर्वांत जास्त टिकते तिथून सुरू होते आणि तिला वासही येतो. माझ्या कुंड्यांतील मुळांचे तसे नव्हते. मूळ टणक, पांढरट आणि निरोगी असायचे, फक्त टोकाची पाच-सहा मिलिमीटर लांबीची वाढती बाजू काळी आणि सुकी व्हायची. त्याच झाडाची जी मुळे कुंडीच्या कडेवरून हवेत गेली होती, ती मात्र हिरवी टोके मिरवत वाढत होती. काही मुळे तर तुकड्याला टेकताच वळून पुन्हा वर निघाली होती, तापलेल्या तव्यावरून बोट मागे घ्यावे तशी. हवेतले मूळ जगते आणि तुकड्याला टेकलेले जळते, असा फरक दिसला की पाण्याच्या प्रमाणावर संशय घेणे सोडून द्यावे आणि तुकड्यांकडे पाहावे.

मी तसे केले नाही. पहिल्या वर्षी पाणी निम्म्यावर आणले. त्याने डेंड्रोबियमची कांडी सुरकुतली आणि मुळे होती तिथेच राहिली. दुसऱ्या वर्षी दोष मातीच्या कुंड्यांवर ढकलून जाळीदार प्लास्टिकच्या कुंड्या आणल्या आणि सोबत बुरशीनाशकाच्या दोन फवारण्याही करून टाकल्या. तिसऱ्या वर्षी दादरच्या ज्या दुकानातून तुकड्यांची दाबून केलेली वीट घेत होतो ते दुकान बदलले. या तिन्ही खेपांत एक गोष्ट मी अगदी मन लावून करत होतो: तुकडे तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलणे. ‘सोडणाचे तुकडे भिजवून, धुऊन घ्यावेत’ हा सल्ला मला ठाऊक होता आणि मी तो पाळत होतो. त्यामुळे तुकड्यांवर संशय घ्यायला मन तयारच नव्हते.

खरे तर एक खूण समोर होती. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने आणि मी एकच मोठी गोणी घेऊन निम्मी निम्मी वाटून घेतली होती. तिनेही माझ्याच सांगण्यावरून तीन दिवस तुकडे भिजवले. तिच्या झाडांना काही झाले नाही. मी त्याचे श्रेय तिच्या पूर्वेकडच्या बाल्कनीला देऊन टाकले.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरातला पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेल्या मुलामुळे. त्याने खिशातून पेनाएवढे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम आहेत ते दाखवणारे यंत्र, काढून नळाच्या पाण्यात बुडवले. आकडा आला ७२. ‘काका, मुंबईचं पाणी चांगलंच असतं, तुम्हाला या मशीनची गरज नव्हती,’ असे तो प्रामाणिकपणे म्हणाला. मी सहज त्याला न्हाणीघरातल्या बादलीत पेन बुडवायला सांगितले. त्या बादलीत तुकडे तिसऱ्या पाण्यात भिजत होते आणि वरचे पाणी फिक्या चहाच्या रंगाचे, दिसायला अगदी स्वच्छ होते. आकडा १,६४० वर जाऊन थांबला. त्याने पेन झटकून पुन्हा बुडवले, पुन्हा तेच. ‘हे कसलं पाणी आहे? चौपाटीवरून आणलंत का?’ चौपाटीवरून नव्हे, पण फार लांबूनही नव्हते. ते आमच्या सोसायटीच्या बोअरचे पाणी होते, शौचालयाच्या टाकीसाठी वेगळ्या नळाने येणारे. थेट त्या नळाचे पाणी मोजले तेव्हा आकडा आला १,३१०.

मुंबईत राहणाऱ्याला यातली गोम लगेच कळेल. पालिकेचे पाणी आमच्याकडे सकाळी दोन तास येते. एका बादलीभर तुकड्यांसाठी ते गोडे पाणी तीन-तीनदा ओतून द्यायचे म्हणजे जिवावर येते, आणि घरातही कोणी ते निमूटपणे पाहत नाही. बोअरचे पाणी फुकटचे आणि चोवीस तासांचे. मग ‘नुसते भिजवायला’ तेच वापरायचे, असा साधा हिशेब मी केला होता. झाडांना पाणी मात्र स्वयंपाकघरातलेच घालत होतो, आणि म्हणूनच नुसत्या जाळीच्या टोपलीत मोकळ्या मुळांनी लटकणारी माझी दोन व्हँडा ऑर्किडे कधीच आजारी पडली नाहीत. किनाऱ्यालगतच्या बोअरचे पाणी मचूळ असते हे मला माहीत होते. पण ते तुकड्यांत मुरून राहते, हे डोक्यात आले नव्हते.

रंग जातो, क्षार राहतात

आता यामागचे कारण पाहू, कारण ते कळले की पुढची कृती पाठ करावी लागत नाही. सोडण पाण्यात घातले की पाणी लालसर तपकिरी होते. हा रंग टॅनिनचा असतो. टॅनिन पुष्कळ असेल तर तेही काढून टाकणे बरे, पण मुळांची टोके जाळणारा खरा गुन्हेगार ते नाही. गुन्हेगार आहेत सोडणातले विरघळणारे क्षार, मुख्यत्वे पोटॅशियम आणि सोडियम यांची क्लोराइडे, आणि त्यांना रंग नसतो. नारळाचे झाड खाऱ्या वाऱ्यात, खाऱ्या ओलीत वाढते आणि क्लोराइड हे त्याचे एक आवडते खाद्यच आहे. कोकणात माडाच्या आळ्यात मीठ घालण्याची रीत आहे ती उगीच नाही. त्यातला बराच भाग सोडणात साठतो. शिवाय काथ्यासाठी सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात महिनोन्महिने कुजवण्याची केरळातली जुनी पद्धत आहे. तशा पाण्याशी संबंध आलेला माल असेल तर मिठात आणखी भर पडते. आपण मात्र बादलीतल्या पाण्याचा रंग पाहून ‘आता निवळले’ असे ठरवतो. रंगावर विसंबणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे, कारण पाणी निवळलेले असूनही खारट असू शकते आणि चहासारखे दिसूनही निर्धोक असू शकते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. सोडणाच्या गराला क्षारांचे काही घटक नुसते सामावून घेता येतात असे नाही, तर ते धरूनही ठेवता येतात. पोटॅशियम आणि सोडियम त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि साध्या पाण्याने कितीही धुतले तरी हा चिकटलेला भाग सुटत नाही. त्यांची जागा घेणारे दुसरे काही आले, तरच ते जागा सोडतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे काम करतात, कारण त्यांची पकड अधिक घट्ट असते. म्हणजे न सुधारलेल्या तुकड्यांत आपण झाड लावले आणि खत घातले, तर खतातले कॅल्शियम आधी तुकडे गिळतात, त्या बदल्यात सोडियम बाहेर सोडतात आणि झाडाच्या वाट्याला नको ते येते. मचूळ पाण्यात तीन दिवस भिजवून मी हेच उलट्या दिशेने केले होते: मोकळ्या असतील नसतील त्या सगळ्या जागांवर सोडियम नेऊन बसवला होता.

इथे मुंबईच्या पाण्याबद्दल एक उपकथा सांगितली पाहिजे. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून येणारे आपले पाणी पावसाचेच असते, त्यामुळे ते अतिशय मृदू आहे. ऑर्किडसाठी ही चैन आहे. पुण्या-सोलापुराकडच्या विहिरीच्या पाण्यावर ऑर्किड जगवणाऱ्यांनी हेवा करावा असे हे पाणी. पण मृदू म्हणजेच त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारखेच असलेल्या) खतातही कॅल्शियम नसते. वर तुकडे जे थोडेफार येईल ते गिळणारे. या तिहेरी टंचाईचे लक्षण माझ्या कॅटलियावर स्पष्ट दिसले: जुनी पाने ठणठणीत, पण कोवळे पान उलगडताना त्याच्या टोकापासून काळे पडत खाली यायचे आणि काळ्या भागाला पिवळसर किनार असायची. मी ते पान दोन वेळा बुरशी समजून कापून टाकले. बुरशी कोणत्याही पानावर येऊ शकते. दर वेळी फक्त नव्या कोंबाचेच टोक जळत असेल तर कॅल्शियमची कमतरता धरून चालावे.

तुकडे तयार करण्याची रीत, चुकांसह

विकतची वीट घ्या की घरी सोडण कापा, माल पिकलेल्या, तपकिरी नारळाचा हवा. शहाळेवाल्याकडची हिरवी टरफले फुकट मिळतात म्हणून मी एकदा गोणीभर उचलून आणली होती. ती कोवळी, रसाळ असतात, सुकताना वेडीवाकडी आकसतात आणि कुंडीत एका पावसाळ्यात लगदा होतात. गावाहून असोले नारळ येत असतील तर ती सोडणे उत्तम. सुके सोडण कोयत्यालाही दाद देत नाही, म्हणून ते एक दिवस भिजवून मगच कापावे. जाड मुळांच्या झाडांना, म्हणजे फॅलेनॉप्सिस आणि कॅटलियाला, दोन ते अडीच सेंटिमीटरचे तुकडे ठीक असतात. डेंड्रोबियमला आणि लहान रोपांना एक ते दीड सेंटिमीटरचे.

कापलेले किंवा वीट भिजवून सुटे केलेले तुकडे रेती चाळायच्या जाळीवर घेऊन भुसा आणि सुटे धागे काढून टाकावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि घरभर धूळ होते, तरी टाळू नये. तुकड्यांच्या मधल्या फटी हीच ऑर्किडच्या मुळांची खरी जागा असते. भुसा त्या फटींत बसून पाणी धरतो आणि मग जी कूज होते तिला खरोखरच ‘पाणी जास्त झाले’ हे कारण लागू पडते.

पहिले पाणी कडकडीत गरम घ्यावे. सुके तुकडे आत हवा धरून तरंगतात आणि वरवर ओले दिसले तरी गाभा कोरडाच राहतो; गरम पाणी लवकर आत शिरते आणि तुकड्यांत दडलेले किडेमुंगेही संपवते. तुकड्यांवर एक ताट पालथे घालून त्यावर वजन ठेवावे. आमच्याकडे या कामी वरवंटा जातो आणि तो परत जागेवर धुऊन ठेवण्याची जबाबदारी माझी असते. नळाखाली चाळण धरून तुकडे खळखळ धुण्याचा उपयोग नाही. क्षार तुकड्याच्या पोटात असतात आणि तिथून बाहेर झिरपायला त्यांना वेळ लागतो, म्हणून प्रत्येक पाणी पूर्ण २४ तास ठेवावे.

दहा लिटर मापाच्या तुकड्यांना मी आता पंधरा लिटर पालिकेचे पाणी घेतो. गेल्या खेपेचे आकडे सांगतो: पहिल्या दिवसाचे पाणी १,०५०, दुसऱ्याचे ४८०, तिसऱ्याचे २१०. आकडा एका पाण्यात धाडकन खाली येत नाही, कारण पाणी ओतून दिले तरी तुकड्यांनी चार-पाच लिटर खारट पाणी पोटात धरलेलेच असते आणि ते पुढच्या पाण्यात मिसळते. म्हणूनच ताजे पाणी घालण्याआधी तुकडे जाळीवर अर्धा तास पूर्ण निथळू देणे हे एक ज्यादा पाणी बदलण्याइतके मोलाचे आहे. हे मला फार उशिरा सुचले.

तिसऱ्या पाण्यानंतर खरी दुरुस्ती. बारा लिटर पाण्यात ४० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात तुकडे २४ तास बुडवून ठेवावेत. नंतर निथळून, दुसऱ्या बारा लिटर पाण्यात १५ ते २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट, घालून त्यात आणखी बारा तास. दोन्ही पुड्या एकाच मगात कालवण्याचा मोह आवरावा. दाट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्समचा पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातात. या टप्प्यावर मीटर दोन हजारांच्या आसपास आकडा दाखवील. त्याने घाबरू नये. मीटर क्षारांची बेरीज सांगते, जात सांगत नाही. आपणच घातलेले कॅल्शियमही त्यात मोजले जाते आणि सुटून आलेला सोडियमही.

म्हणून शेवटी पुन्हा साध्या गोड्या पाण्यात तीन वेळा, प्रत्येकी काही तास. थांबायचे कुठे, याचा माझा नियम असा आहे की, रात्रभर भिजवल्यावर बादलीतल्या पाण्याचा आकडा नळाच्या आकड्यापेक्षा शंभर-सव्वाशेहून अधिक वाढता कामा नये. माझ्या नळाला ७२ असल्याने मी दोनशेच्या आत आल्यावर थांबतो. नुसता आकडा न पाहता नळाच्या आकड्याशी फरक पाहावा, कारण प्रत्येकाच्या घरचे पाणी वेगळे. स्वस्तातली मीटरे विद्युतवाहकता मोजून तिला कधी ०.५ ने तर कधी ०.७ ने गुणतात आणि मग दोन मीटरे एकाच बादलीत भांडतात. दोन्ही आकडे एकाच मीटरने घेतले म्हणजे हा वाद उरत नाही.

या सगळ्याला दहा लिटर तुकड्यांमागे शंभर-एकशेदहा लिटर पाणी लागते. ते कमी करायचे तर तुकडे दोन हप्त्यांत करावेत आणि पहिल्या हप्त्याचे तिसरे पाणी दुसऱ्या हप्त्याचे पहिले पाणी म्हणून वापरावे. २१० चे पाणी हजाराच्या मालाला चांगलेच स्वच्छ असते. पण त्यासाठी बोअरचे पाणी पहिल्या दिवसापुरतेसुद्धा वापरू नये. ‘नंतर गोड्याने धुऊ’ ही सबब चालत नाही, कारण चिकटलेला सोडियम धुऊन जात नाही. तुकड्यांखालचे तपकिरी पाणी मी गाळून शौचालयात ओततो. गाळून, असे मुद्दाम सांगतो: एकदा न गाळता मोरीत ओतले आणि काथ्याच्या धाग्यांनी खालच्या मजल्यापर्यंतचा पाइप तुंबवला, त्या प्रकरणाची सोसायटीत अजून आठवण काढली जाते.

आणखी दोन पाण्यांबद्दल सावध करतो. फिल्टरमधून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी अनेकजण भांड्यांसाठी जपून ठेवतात आणि तुकड्यांसाठीही वापरतात. घरात पालिकेचे पाणी असेल तर त्याने बिघडत नाही. टँकरचे किंवा बोअरचे असेल तर त्या टाकाऊ पाण्यात मूळचे क्षार अधिक दाट झालेले असतात. दुसरे, नव्या उंच इमारतींत पाणी मृदू करणारे संयंत्र बसवलेले असते. त्या पाण्याला साबणाचा फेस झकास येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण ते संयंत्र कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालते. मीटरचा आकडा जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे मीटरही इथे कामाचे नाही. अशा इमारतीत राहणाऱ्यांनी संयंत्रात जाण्याआधीच्या नळाचे पाणी मागून घ्यावे, किंवा पावसाचे धरावे.

पावसाळा

सगळी तयारी मार्च ते मे या काळातच उरकावी. ऊन असते, तुकडे दोन दिवसांत वाळतात आणि डेंड्रोबियमला नवे कोंब व मुळे फुटण्याचीही साधारण हीच वेळ असते. अर्धवट ओले तुकडे गोणीत भरून ठेवले तर जूनमध्ये पांढऱ्या बुरशीची जाळी आणि कुबट वास घेऊन बाहेर येतात. तसे तुकडे मी टाकून देतो. कॅल्शियम नायट्रेटही हवेतली ओल ओढते. माझ्या कपाटातली एक किलोची पिशवी जुलैत उघडली तेव्हा आत दाणे नव्हतेच, पिशवीच्या कोपऱ्यात चिकट पाणी झाले होते. आता ते घट्ट झाकणाच्या बरणीत असते.

आपल्या पावसाळ्यात नुसत्या सोडणाच्या तुकड्यांत डेंड्रोबियम ठेवू नये, असे माझे मत झाले आहे. जून ते सप्टेंबर ते वाळतच नाहीत. मी निम्मे तुकडे, निम्म्यात लाकडी कोळसा आणि पक्क्या विटेचे खडे, असे मिश्रण करतो. फॅलेनॉप्सिस आत, खिडकीशी असतात, त्यांना नुसते तुकडे मानवतात. दोन वर्षांनी तुकडा बोटांत दाबून पाहावा. चेंबला तर बदलावा.

आधीच लावून झाले असेल तर

झाड जळके टोक घेऊन कुंडीत बसलेच असेल, तर घाईने उपटू नये. खत थांबवावे. कुंडीच्या मापाच्या तिप्पट गोडे पाणी सावकाश ओतावे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तेवढेच ओतावे, आणि हे आठवड्यातून दोनदा असे तीन आठवडे करावे. जुलै असेल तर कुंडी एक दिवस सरळ पावसात ठेवावी, याहून चांगले धुणे आपल्याला जमणार नाही. फक्त फॅलेनॉप्सिसला आडवे कलते ठेवावे, नाहीतर पानांच्या बेचक्यात पाणी साचून कोंबच कुजतो. काळे पडलेले टोक पुन्हा वाढत नाही, त्याची वाट पाहू नये. मागच्या जिवंत भागातून बाजूला फाटे फुटतात, ते पाहावे. ते फाटेही तुकड्यांशी येऊन थांबले तर चिकटलेला सोडियम शिल्लक आहे असे समजून कुंडी बदलावी लागते.

पुढची निगा थोडक्यात: एका आठवड्यात १९:१९:१९, दुसऱ्यात कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही लिटरला अर्धा ग्रॅम, आणि कधीच एकत्र नाही. महिन्यातून एकदा, खत न घातलेल्या दिवशी, कुंडीला पाणी घालून पंधरा मिनिटांनी अर्धा कप पाणी पुन्हा ओतायचे आणि खाली निथळणारे पाणी बशीत धरून मोजायचे. माझ्या कुंड्यांत ते हल्ली १८० ते २६० च्या दरम्यान येते. चारशेच्या वर गेले की तो आठवडा नुसत्या पाण्याचा. डेंड्रोबियमच्या नऊपैकी आठ कुंड्यांत मुळे आता तुकड्यांना आणि कोळशाला घट्ट धरून बसली आहेत. मोठ्या कॅटलियाचे गेल्या महिन्यातले पान टोकापर्यंत हिरवे उलगडले. लहानीचे अजून तीन मिलिमीटर काळे आहे आणि तिच्या बशीतले पाणी या रविवारी ४३० होते.